बंदीचे ६१ दिवस आणि रोगलाइकची पहिली पायरी

"रोगलाइक? ह्यो कसलो रोग रे?"

माझ्या बहिणीचा हा प्रश्न. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावजींना, व्हिडिओ गेम शिकवायचं काम माझ्या अंगावर आलं, त्या दिवशीचा. ४८ वर्षांचे भावजी मालवणात गिलनेटच्या (एक प्रकारच्या जाळ्याच्या) बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. हे दिवस माशांच्या विणीचे, आणि दर्याही खवळलेला. तेवढ्या ६१ दिवसांत बोट वर ओढायची, शाकारायची, फाटकी जाळी दुरुस्त करायची. ते उरकलं की तांडेलाला घरात कुठे बसावं तेच कळत नाही. ताई म्हणते तसं, "सगळीकडे पायात येता."

भाचा गेल्या वर्षी कोल्हापूरला शिकायला गेला. फोनवर "जेवलास काय?" आणि "पाऊस आसा?" झालं की बापलेकांचं बोलणं संपायचं. मुलगा मोकळेपणी बोलायचा ते फक्त गेमबद्दल, तेही माझ्याशी. जूनच्या पहिल्या आठवड्यात भावजी माझ्या दुकानात आले. मी बाजारात मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "झिल खेळता ता माका शिकव."

भाचा खेळतो त्या रोगलाइक या गेमप्रकाराशी माझी पंधरा वर्षांची ओळख, तरी सुरुवात कुठून करून द्यावी हे मला तीनदा चुकून मगच कळलं. त्या चुकांमुळेच हे लिहावंसं वाटलं.

हा प्रकार नेमका काय

१९८० साली मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन कॅलिफोर्नियन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा गेम केला. त्यात तळघरांची भूलभुलय्या दर खेपेला नव्याने तयार व्हायची, आणि मेलात की सगळं संपलं, पुन्हा शून्यापासून. त्याच्यासारखे ते रोगलाइक. नक्की कशाला रोगलाइक म्हणावं यावर २००८ साली बर्लिनच्या परिषदेत अटींची एक यादीही झाली, तरी भांडणं मिटली नाहीत. सोलकढीत लसूण घालावी की नाही याच्या जवळपास जाणारा वाद आहे. भावजींसाठी मी दोनच गोष्टी पकडल्या. दर डाव वेगळा, आणि हरलात तर त्या डावात कमावलेलं सगळं जातं.

ही दुसरी गोष्टच त्यांना जड जाईल, असं मी गृहीत धरलं होतं. नवा माणूस तासभर खेळून मेला आणि हातात काहीच उरलं नाही की वैतागतो. मी स्वतः वैतागलो होतो. म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना समजुतीचं लांबलचक भाषण दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डिझेल जाळून रिकामी बोट घेवन येतंव, तेवा पैशे कोण परत देता?"

त्यांना भीती नव्हती, हे मला तिथेच दिसायला हवं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

मुळापासून

भाच्याचं मत होतं की बाबांना मुळापासून कळू दे. म्हणजे 'नेटहॅक': १९८७ चा, फुकट, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालणारा. भाच्याचा जुना लॅपटॉप घरी होताच.

नेटहॅकमध्ये चित्रं नसतात. तुम्ही म्हणजे पडद्यावरचं ॲट द रेटचं चिन्ह. सोबतचं कुत्रं म्हणजे इंग्रजी लहान डी. मोठा डी दिसला तर तो ड्रॅगन, पळा. चालायला एच, जे, के, एल आणि तिरकं जायला वाय, यू, बी, एन. भावजींचं शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेतलं. कीबोर्डवर अक्षर शोधायला त्यांना वेळ लागतो, आणि इथे प्रत्येक अक्षराला नवा अर्थ. वीस मिनिटांनी ते मेले. कशाने मेले ते त्यांना कळलं नाही आणि मला सांगता येईना. लॅपटॉप बंद करून ते जाळं विणायला गेले.

इतिहासाच्या टोकापासून सुरुवात करायचा मोह जाणकारांनाच होतो. त्यांना त्या इतिहासाचा आनंद असतो. नवख्याच्या वाट्याला नुसतं ओझं येतं.

शिखरापासून

मग मी ठरवलं, सगळ्यात देखणा, सगळ्यात गाजलेला द्यायचा. सुपरजायंट या कंपनीचा 'हेडीस', २०२० मध्ये पूर्ण रूपात आलेला, आणि भाच्याचाही लाडका. पाताळाच्या राजाचा मुलगा बाहेर पडायला धडपडतो, मरतो, पुन्हा घरी येतो, पुन्हा निघतो. यात नवख्यांसाठी 'गॉड मोड' आहे: चालू केला की लागणारा मार २० टक्क्यांनी कमी, आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के, थेट ८० पर्यंत. मला वाटलं, झालं काम.

झालं नाही. हेडीस हाताच्या चपळाईचा गेम आहे. हल्ला, झेप, अस्त्र, आणि पळता पळता नेम, सगळं एकाच श्वासात. भावजींची बोटं दोरखंड ओढून ओढून जाड झालेली. एक बटण दाबताना शेजारची दोन दाबली जायची. गॉड मोडने मार कमी झाला, पण डोळ्यांसमोर काय चाललंय ते त्याने उलगडत नाही. मरणागणिक येणारे संवाद, म्हणजे त्या गेमचा निम्मा जीव, इंग्रजीत. ग्रीक देवांची नावंही त्यांनी कधी ऐकलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र दिसली. मेल्यावर ते चिडत नव्हते. दुसऱ्या खेपेला खोल्या वेगळ्या आल्या तेव्हा उलट पुढे सरकून बसले. "ह्या खेपेक वाट येगळी." दर डाव नवा असतो ही गोष्ट त्यांना आवडली होती. अडत होते ते हात.

इथे मी पहिल्यांदा वही काढली. दुकानात बिघडलेला फोन आला की आपण एकेक भाग काढून बघतो. इथे मी आख्खा फोनच बदलत सुटलो होतो. वहीत चार शब्द लिहिले: हात, डोळे, भाषा, नियम. प्रत्येक गेममध्ये भावजींना यातलं काय काय नव्याने शिकावं लागेल? नेटहॅकमध्ये चारही. हेडीसमध्ये हात, भाषा आणि नियम. डोळ्यांना निदान माणूस माणसासारखा दिसत होता.

जवळ आलो, पण

हाताची घाई काढून टाकायची तर पाळीपाळीने चालणारा गेम हवा. 'स्ले द स्पायर', मेगा क्रिटचा, २०१९. पत्त्यांची लढाई. तुम्ही विचार करत बसा, शत्रू थांबतो, आणि पुढच्या पाळीत तो काय करणार हेही त्याच्या डोक्यावर दिसतं. भावजी पत्त्यांतले पट्टीचे. मेंढीकोट, रमी, गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती. मला वाटलं, पत्ते म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

पहिला हात उघडला. पाच पानं. त्यांनी ती नीट बघितली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "ह्येत पत्ते खंय आसत? ह्यो तर चिठ्ये!"

बरोबर होतं त्यांचं. ना किलवर, ना बदाम, ना राजा-राणी. प्रत्येक पानावर इंग्रजी वाक्य: इतका मार द्या, इतकी ढाल घ्या, शत्रूला कमकुवत करा. 'पत्ते' या एका शब्दाने मी स्वतःलाच फसवलं होतं.

तरीही तीन संध्याकाळी ते यावर बसले, मी शेजारी भाषांतर करत. वारा सुटला की वीज जायची, तेवढी विश्रांती. आयर्नक्लॅड या पहिल्या पात्राच्या गड्डीत सुरुवातीला दहाच पानं असतात: पाच मारायची, चार ढालीची आणि 'बॅश' हे एक जोरदार. प्रत्येक लढाईनंतर तीन पानं समोर येतात, त्यातलं एक घ्यायचं किंवा सोडायचं. भावजींनी एकही सोडलं नाही. फुकट गावतंय ते सोडायचं कशाला? पहिल्या मोठ्या शत्रूपाशी पोचले तेव्हा गड्डी २१ पानांची झाली होती. दर पाळीला पाच पानं हातात येतात. दहाच्या गड्डीत बॅश दोन पाळ्यांतून एकदा हमखास दिसायचं, आता चार-पाच पाळ्यांनी. मोठ्या शत्रूने त्यांना झोपवलं. "घेऊ नका, पान सोडायलाही शिका" असं मी चारदा सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नाही, आणि सांगून पटण्यासारखंही नव्हतं.

वहीत हिशेब केला: भाषा नवी, नियम नवे. दोन राहिले.

पडवी

चौथा पर्याय मी आधीपासून टाळत होतो, कारण तो मला 'खरा' रोगलाइक वाटत नव्हता. 'बलाट्रो'. लोकलथंक एवढ्याच टोपणनावाने राहणाऱ्या एका कॅनेडियन माणसाने एकट्याने केलेला, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला, आणि सप्टेंबरपासून फोनवरही. भाचा तर फोनवर ओरडलाच: "मामा, त्यात ना गुहा, ना राक्षस! बर्लिनच्या यादीत बसवून दाखव."

नाही बसत. पण आमच्या घरांत कोणी थेट देवघरात उतरत नाही. खळ्यातून पडवीत यायचं, पाय पुसायचे, मग ओटी, मग माजघर. मला भावजींना पडवीत आणायचं होतं.

बलाट्रोत ५२ पानांची साधी गड्डी असते. हातात आठ पानं, त्यातली पाचपर्यंत खेळायची. सुरुवातीला मिळणाऱ्या 'लाल गड्डी'त चार हात खेळायला मिळतात आणि चार वेळा नको ती पानं फेकता येतात. पोकरचे मेळ जुळवून गुण करायचे; पहिला पल्ला ३०० चा, मग ४५०, मग ६००, आणि असे आठ टप्पे. मधे दुकान लागतं, तिथे जोकर विकत घ्यायचे. एकूण १५० प्रकारचे जोकर आणि हाताशी एका वेळी पाच. प्रत्येक जोकर गुण वाढवायची नवी तऱ्हा घेऊन येतो. हरलात की सगळं जातं, पुढची खेप कोरी.

एकदा पैसे देऊन घेतला की फोनवर नेटशिवाय चालतो. पावसाळ्यात आमच्याकडे ही किरकोळ गोष्ट नाही.

पहिलं विघ्न ताईकडून आलं. पत्ते, डॉलर, जोकर. "फोनात जुगार हाडलंस तू माज्या घरात?" तिचा संशय अगदीच वेडगळ नव्हता. युरोपातल्या पेगी या वयाची पट्टी लावणाऱ्या संस्थेनेही २०२४ मध्ये याच कारणावरून या गेमला १८ वर्षांची पट्टी लावली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती १२ वर आणली. खरे पैसे यात कुठेच लागत नाहीत, मिळतही नाहीत. हे सांगितल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे जिंकलो तरी कायच गावाचा नाय? मगे खेळता कित्याक?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भावजींनी फोन हातात घेतला. एक्का, राजा, राणी, गुलाम. अंगठ्याने पानं वर सरकवायची, बस. हात, डोळे सुटले. भाषा फक्त जोकरांपुरती. आणि नियम तर येतातच, असं त्यांना वाटलं, मलाही वाटलं.

येतं म्हणूनच चुकतं

पहिले दोन दिवस ते पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच आपटत राहिले. मी काही बोललो नाही, फक्त बघितलं. चार बदाम हातात असताना ते बदाम फोडून सीक्वेन्सच्या, म्हणजे ओळीने लागणाऱ्या पानांच्या, मागे धावत होते. दर वेळी.

का, ते संध्याकाळी चहा पिताना लक्षात आलं. तीन पत्तीत सीक्वेन्स कलरपेक्षा (सगळी बदाम किंवा सगळी किलवर, अशी एकाच प्रकारची पानं) मोठी. पोकरमध्ये उलटं. भावजींच्या डोक्यात ३० वर्षांची गणपतीची जागरणं पक्की बसलेली. 'कलर' म्हणजे हलका हात. मग मी कागद घेतला. हे गणित त्यांना सांगताना मला जेवढी मजा आली तेवढी बाकीच्या दीड महिन्यात आली नाही.

तीन पानांचे एकूण हात २२,१००. त्यात साध्या सीक्वेन्स ७२०, कलर १,०९६. कलर जास्त वेळा येतो म्हणून स्वस्त. पाच पानांचे एकूण हात २५,९८,९६०. त्यात साध्या सीक्वेन्स १०,२००, आणि कलर फक्त ५,१०८. पाच पानं एकाच रंगाची जमणं अवघड, म्हणून कलर महाग. तीन पत्तीवाल्यांचंही खरं आणि पोकरवाल्यांचंही; पानांची संख्या बदलली की भाव बदलतो.

"बांगड्याचो भाव," भावजी म्हणाले. "कमी गावलो की महाग." आणि मग जरा थांबून: "पण हयसर फेकूक मिळता ना?"

तेच तर. चार बदाम आणि इतर चार पानं हातात असली की ती चार फेकायची. गड्डीत ४४ पानं उरतात, त्यात ९ बदाम. नव्या चार पानांत एक तरी बदाम यायची शक्यता सुमारे ६१ टक्के. नाही आलं तर आणखी एकदा फेका. दोन खेपांत मिळून ८७ टक्के. ६१ हा आकडा ऐकून ते हसले, बंदीचे दिवसही तेवढेच.

शिवाय बलाट्रोत कलरचे मूळ गुण ३५ गुणिले ४, सीक्वेन्सचे ३० गुणिले ४. एक्का, राजा, गुलाम, अठ्ठी, चौकी अशी पाच बदाम पडली तर पानांचे ४३ आणि मूळ ३५, झाले ७८. गुणिले ४ म्हणजे ३१२. पहिला पल्ला एकाच हातात पार. पाच ते नऊची सीक्वेन्स लावली असती तर २६०.

त्या रात्री भावजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे मेळांचा नवा क्रम लिहून चिकटवला, जुना वर खोडलेला.

माझ्या वहीत इथे एक दुरुस्ती करावी लागली. ओळखीची गोष्ट सुरुवातीला माणसाला आत आणते हे खरं, पण त्या ओळखीतला जो तुकडा नव्या जागी लागू पडत नाही तोच मग पायात येतो, आणि नवखा माणूस त्याच्याकडे संशयाने बघतही नाही. निव्वळ अनोळखी गोष्टीत तो निदान विचारतो तरी.

जोकर आणि संध्याकाळचा फोन

इंग्रजी उरलीच होती. मी सगळे जोकर मराठीत लिहून द्यायला बसणार होतो. भाच्याने अडवलं. "मामा, जे समोर येतील तेवढेच. आणि ते बाबांनी मला विचारायचे." मग रोज संध्याकाळी सातच्या सुमारास फोन. हिरव्या टोपीवालो काय करता? दर हाताला गुणिलेचा आकडा एकाने वाढवतो, पण पानं फेकली की एकाने कमी करतो. कोणाच्या उजव्या बाजूक ठेवू ह्येका? फोन अर्धा-अर्धा तास चालायचा. भावजींना जे हवं होतं ते, माझ्या मते, इथेच मिळून गेलं; पुढचं सगळं वरकड.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक मोठा अडथळा असतो, त्याची स्वतःची खोड. 'द हूक' नावाचा एक, प्रत्येक हात खेळला की तुमच्या हातातली कुठलीही दोन पानं ओढून नेतो. भावजींनी त्याला गळ म्हणायला सुरुवात केली. गळ आलो, आता हातात एकट्या पानावर भरवसो ठेवूचो नाय. समुद्रावर त्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

बंदीच्या ५३व्या दिवशी त्यांनी आठवा टप्पा पार केला. चाळिसेक खेपा झाल्या असतील. ताईला उठवून दाखवलं, रात्री साडेबाराला. ताई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

परत चिठ्ठ्यांकडे

आठवड्यानंतर ते आपणहून लॅपटॉप घेऊन बसले. स्ले द स्पायर. मी दुकानातून आलो तर पहिला मोठा शत्रू मागे पडला होता. गड्डी बघितली: १४ पानं.

बलाट्रोत 'हँग्ड मॅन' नावाचं एक पान मिळतं, त्याने गड्डीतली दोन पानं कायमची काढून टाकता येतात. भावजींनी काळी पानं काढायला सुरुवात केली होती, आणि तशी बदाम जास्त वेळा येऊ लागली होती. जे मी चारदा सांगूनही पटलं नाही, ते स्वतःच्या ओळखीच्या गड्डीत एकदा दिसलं आणि या अनोळखी गड्डीत आपोआप आलं. शब्द अजून अडतात. बॅशला ते 'धडक' म्हणतात. पुढच्या, दुसऱ्या टप्प्यात मात्र मेले, आणि अजून तिथेच मरतात.

हेडीस त्यांच्यासाठी नाहीच, असं माझं मत झालंय. नेटहॅकचं नक्की सांगता येत नाही. हात, भाषा, डोळे सगळं तेच आहे, पण परवा ते त्या ॲट द रेटबद्दल विचारत होते.

१ ऑगस्टपासून बोटी मोकळ्या झाल्या. वारा पडायची वाट बघून, नारळी पुनवेचा नारळ देऊन भावजी दर्यात गेले, फोन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. मी मोकळा झालो.

मग गणपती आले. दुसऱ्या रात्री वाडीतल्या मांडवात तीन पत्तीचा फड बसला, दहा-दहा रुपयांचा. सव्वादोनशेचा पट जमला होता. समोरच्याने सीक्वेन्स दाखवली, चार-पाच-सहा. भावजींनी तीन किलवर टाकली, एक्का, नव्वी, दुर्री, आणि दोन्ही हातांनी पट ओढून घेतला.

"रे भावजी, खंय नेतास?"

"कलर आसा."

सगळा मांडव हसला. ताई पडवीतनं बघत होती.